केजन मुलखातली इर्जिक

माझ्या मित्राला जमीन मिळाली होती, पण ती नांगरायला गाव तयार नव्हते. सुरुवात इथूनच करणे भाग आहे, कारण पुढे समुद्रापलीकडे मी जे पाहिले ते सगळे ही अडचण मनात ठेवून पाहिले.

काळ एकोणीसशे साठ आणि सत्तर यांच्या मधला. वाळवे तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी केमिस्ट होतो. मित्र त्याच कारखान्यात फिटर होता. आम्ही एकाच गावचे, एकाच शाळेतले. आमचे घर मराठ्यांचे. त्याच्या घराने काही वर्षांपूर्वी सगळ्या वस्तीबरोबर बौद्ध धर्म स्वीकारला होता आणि गावकीची कामे सोडली होती. पुढे कायद्याने वतने गेली आणि ओढ्याकाठचा एक तुकडा त्याच्या नावावर झाला. जमीन काळी, कसदार. पण कित्येक वर्षे पडीक राहिल्यामुळे तिच्यात कुंदा माजला होता. कुंदा हे गवत असे आहे की त्याच्या मुळ्या हातभर खाली जातात आणि एका बैलजोडीच्या नांगराला दाद देत नाहीत. त्याला सहा बैलांचा लोखंडी नांगर लागतो.

कारखान्याचा ट्रॅक्टर होता. तो ऊस उत्पादक सभासदांना मिळे. म्हणजे नांगरट झाल्याशिवाय उसाची लागण नाही, लागण झाल्याशिवाय उसाची नोंद नाही, आणि नोंद झाल्याशिवाय ट्रॅक्टर नाही. उरली इर्जिक.

ज्यांनी इर्जिक पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एखाद्याचे काम एकट्याच्या बळाबाहेरचे असले की तो गावाला बोलावतो. शेजारीपाजारी आपापले बैल आणि औते घेऊन येतात. कोणी मजुरी घेत नाही. दुपारी ज्याचे शेत त्याच्या घरचे जेवण सगळ्यांना असते. पुढे दुसऱ्याची वेळ आली की हाही आपली जोडी घेऊन जातो. त्या जेवणाला मजुरी म्हणत नाहीत. मी तुझ्या बांधावर बरोबरीच्या नात्याने आलो, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या गावात इर्जिकीला पहिली जोडी माझ्या वडिलांची जाई. आबा गेले की बाकीचे जात. मित्र त्यांच्याकडे जाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या हॉटेलात त्याने मला सांगितले,

"तुज्या आबांकडं गेलतो. म्हणलं, इर्जिक घालतोय, या."

"मग?"

"म्हणालं, बैलं घिऊन येतो. भाकरी बांधून आणतो. जेवायचं तेवढं नगं काढू."

"तू काय म्हणलास?"

"म्हणलं, मग नगा येऊ." त्याने बशीत चहा ओतला. "भाकरी बांधून येणारा माणूस इर्जिकीला येत न्हाई, दया करायला येतो. माज्या आईनं जलमभर गावाचं शिळं आणून खाल्लं. आता तिच्या हातचं ताजं गावानं एकदा खावं. खाणार नसंल तर कुंदा ऱ्हाऊ दे."

"नांगर तर मिळत हुता."

"तू साखर मोज, गड्या. माणसं मोजायचं तुजं काम न्हवं."

आबा दुष्ट नव्हते. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात स्वतःपुढे कधी मांडलाच नव्हता, आणि तो आपल्यापुढे कोणी मांडावा हेही त्यांना रुचले नव्हते. त्यांच्याशी बोलण्याचे मी ठरवले होते. तेवढ्यात माझा परदेशी जाण्याचा हुकूम आला.

कारखान्याला एका हंगामासाठी एक माणूस अमेरिकेत लुइझियाना प्रांतात पाठवायचा होता. तिथे ऊस होतो, आणि रस स्वच्छ करण्याची तिथली पद्धत आम्हाला शिकायची होती. निवड गुणांवर झाली असे मी म्हणत नाही. मी अविवाहित होतो आणि मला इंग्रजी येत होते. आईने गाईचे न खाण्याची शपथ घातली. आबांनी स्टेशनावर एवढेच विचारले की तिथे बैल आहेत का. मी म्हणालो, यंत्रे आहेत. त्यांनी मान हलवली. त्या मुलखात त्यांना रस उरला नाही.

लुइझियानाचा दक्षिण भाग सपाट आणि पाणथळ आहे. ओढे इतके संथ की पाणी कुठल्या दिशेला जाते ते काडी टाकून पाहावे लागे. झाडांवरून करड्या जटांसारखे शेवाळ लोंबत असे. आणि मधूनमधून ऊस, भात, पुन्हा ऊस. बसच्या खिडकीतून पहिला फड दिसला तेव्हा मी सरळ होऊन बसलो. इतक्या लांब येऊन ओळखीचे काही प्रथमच दिसत होते.

बसथांब्याच्या इमारतीला दोन दारे होती. गोऱ्यांचे एक, काळ्यांचे एक. दोन्ही दारांवरच्या पाट्या नव्या कायद्याने नुकत्याच उतरवल्या होत्या. पाटीच्या जागी भिंतीवर फिका चौकोन राहिला होता. पाट्या नसल्या तरी लोक आपापल्या जुन्या दारानेच आत जात होते. आपले दार कोणते हे मला कळेना. मी सामान घेऊन उन्हात उभा राहिलो. ज्यांच्या घरी मी राहणार होतो ते म्हातारे गृहस्थ तिथेच मला न्यायला आले. त्यांनी दोन्ही दारांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आत काही चांगले मिळत नाही. घरी चल."

ते केजन होते. केजन म्हणजे मूळचे फ्रेंच. त्यांच्या पूर्वजांना इंग्रजांनी कॅनडाच्या किनाऱ्यावरून हुसकावून लावले, तेव्हा फिरत फिरत ते या दलदलीत येऊन राहिले. दलदल कोणाला नको होती, म्हणून ती यांना मिळाली. त्यांची फ्रेंच शहरातल्या माणसांना गावंढळ वाटे. लहानपणी शाळेत फ्रेंच बोलल्याबद्दल मास्तर म्हाताऱ्यांना मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावत. "एक दिवस घरी येऊन आईला सांगितले, आजपासून माझ्याशी इंग्रजीतच बोल," ते मला म्हणाले. "तिला इंग्रजी येत नव्हते. मग ती माझ्याशी बोललीच नाही, नुसती वाढत राहिली." हे त्यांनी एका हाताने मोटार चालवता चालवता सांगितले आणि लगेच पावसाबद्दल बोलू लागले.

त्यांचे शेत लहान होते. ऊस त्याच कारखान्याला जाई जिथे मी शिकत होतो. त्या वर्षी पावसाळ्याअखेर मोठे वादळ होऊन गेले होते. ऊस आडवा झाला होता आणि घराचे छप्पर बांधताना पडून म्हाताऱ्यांचा खांदा निखळला होता. तिकडे तोडणी यंत्राने होते, पण यंत्राला उभा ऊस लागतो. आडवा ऊस हातानेच तोडावा लागतो. आणि त्या मुलखात थंडीत एखाद्या पहाटे दव गोठते. गोठलेला ऊस वितळला की रस आंबतो, आणि आंबलेला ऊस कारखाना परत पाठवतो. रसाची तपासणी करणारा मीच असल्यामुळे हे मला त्यांच्यापेक्षा आधी कळणार होते. म्हाताऱ्यांच्या पत्नीने, म्हणजे घरच्या बाईंनी, मला नाश्ता वाढताना स्पष्ट विचारले, "किती दिवस आहेत आपल्या हातात?" मी म्हणालो, ते आभाळ सांगेल.

त्यावर त्या म्हणाल्या, "मग शनिवारी सगळ्यांना बोलावते."

शनिवारी सकाळी धुके विरायच्या आत माणसे आली. ट्रकमधून, चालत, एक जण होडीतून. प्रत्येकाच्या हातात आपापला कोयता होता. त्यांच्या कोयत्याच्या पाठीला आकडा असतो, त्याने पाला ओढून काढतात. आणि प्रत्येकाच्या बायकोच्या हातात काही ना काही होते: कोंबडी, कांदे, तांदळाची पिशवी, वाळवलेली कोळंबी. कोणी हिशोब करत नव्हते. कोणी म्हाताऱ्यांचे सांत्वनही करत नव्हते. उलट एकाने विचारले, "छपरावरून पडलास की बायकोने ढकलले?" ते म्हणाले, "तिने ढकलले असते तर दोन्ही खांदे गेले असते." मग सगळे उसात शिरले.

मी बांधावर उभा राहिलो आणि मला वाटले, ही इर्जिक आहे. त्यांचा त्यासाठी फ्रेंच शब्द वेगळा होता. अर्थ हाताचा आधार देणे असा काहीसा. पण माणसे ज्या तऱ्हेने उभी राहिली होती, ज्या तऱ्हेने एकमेकांच्या कोयत्याला नावे ठेवत होती, ते सगळे आमच्याकडचेच होते. मीही एक कोयता मागून घेतला.

तोडणी मला येत होती. बुडाशी वाकून तोडायचे, शेंडा छाटायचा, मोळी टाकायची. अडचण शेंड्यांची झाली. आमच्याकडे शेंडे, म्हणजे वाढे, कोणी टाकत नाही. ते जनावरांना जातात. सवयीने मी वाढे गोळा केले, पाचट पिळून केलेल्या बंधाने घट्ट बांधले आणि बांधाला ओळीने उभे करत गेलो. बऱ्याच वेळाने बाई पाण्याची बादली घेऊन आल्या आणि त्या ओळीपाशी थांबल्या.

"हे कोणासाठी बांधतो आहेस?"

"म्हशींसाठी."

"म्हशी कुठे आहेत?"

"घरी."

त्यांनी ओळीवरून नजर फिरवली. "तुझ्या घरी पोचेपर्यंत वाळेल रे हे."

त्यांनी ही गोष्ट फडातल्या सर्वांना फ्रेंचमध्ये सांगितली. मी तिथून निघेपर्यंत भेटणारा प्रत्येक जण आधी माझ्या म्हशींची खुशाली विचारत असे. ते लोक वाढे पेटवून देत. ते मी पाहू शकत नसे, म्हणून त्या वेळी मी कारखान्यात जात असे.

जेवण अंगणात शिजत होते. लोखंडी काळी कढई, खाली लाकडे. सगळ्यांनी आणलेले सगळे त्या एका कढईत जाणार होते. पण आरंभ बाईंचा होता. त्यांनी चरबीत गव्हाचे पीठ घातले आणि लाकडी उलथन्याने ढवळायला सुरुवात केली. हात क्षणभर थांबला तर पीठ करपते, मग पहिल्यापासून करावे लागते. पीठ तांबूस झाले, मग विटकरी, शेवटी काकवीच्या रंगाचे. दुसऱ्या बाईने उलथने मागितले, ते त्यांनी दिले नाही. पीठ भाजणे हे घरच्या बाईचे काम, बाकी ज्याला जे घालायचे ते त्याने घालावे, असा तिथला रिवाज. मग त्यात कांदा, कोंबडी, कोळंबी आणि, हे पाहून मी जवळ गेलो, भेंडी. मुबलक भेंडी. त्या पातळ रश्शाला ते गंबो म्हणतात आणि भातावर घेतात.

"तू काय खात नाहीस?" बाईंनी विचारले.

"गाईचे."

"गाय आम्ही विकतो. खायला कुठली परवडते?"

डुकराच्या मांसाचे सॉसेजही त्यात होते. ते मी खात नाही हे सांगायला माझी जीभ रेटेना. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि माझ्या ताटातले तेवढे तुकडे पळीने वेचून स्वतःच्या ताटात घेतले. चव तिखट आणि खोल होती. आमच्या रश्शाशी तिचे नाते नव्हते, पण हाताने कालवून खावेसे वाटले. मी चमच्याने खाल्ले.

तोडायला आलेल्यांत एक काळा शेतकरी होता, शेजारच्याच शेतातला. सकाळपासून सर्वांत पुढची सरी त्याची होती. तिथे आमच्यासारखी पंगत नव्हती. ज्याने त्याने ताट भरून घ्यावे आणि वाटेल तिथे बसावे. त्याने ताट भरले आणि तो घराच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते. पुढचे बाक रिकामे होते. बसथांब्यावरची दारे मला आठवली.

म्हाताऱ्यांनी एका हाताने ताट उचलले आणि ते घराला वळसा घालून गेले. मी त्यांच्यामागून गेलो. ते त्या शेतकऱ्याशेजारी पायरीवर बसले. मीही बसलो. थोड्या वेळाने होडीतून आलेला माणूस आला. बाकीचे पुढेच राहिले.

मी म्हाताऱ्यांना विचारले, "तुम्ही इकडे का आलात?"

"जेवायला," ते म्हणाले.

"खोटे बोलतो," काळा शेतकरी म्हणाला. "माझ्या ताटातले सॉसेज चोरायला येतो. दरवेळी येतो."

मी त्याला विचारले की तुमच्या शेतावर असे काम निघाले तर हे येतात का. त्याने म्हाताऱ्यांकडे हनुवटीने इशारा केला. "हा येतो. माझ्या बायकोच्या हातचे इतके खातो की पुढच्या वेळी बोलवावे की नाही याचा विचार करावा लागतो."

"आणि बाकीचे?"

तो चावत राहिला. मग म्हणाला, "काही आले. काही यायचे आहेत."

तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही. हवामान सांगावे तसे म्हणाला.

जेवण झाल्यावर त्यानेच व्हायोलिन काढले. म्हाताऱ्यांच्या मेहुण्याने एक लहानसा अ‍ॅकॉर्डियन आणला होता. आपल्या पेटीसारखाच भाता, पण दोन हातांत धरून ताणायचा. तिसऱ्याजवळ लोखंडी त्रिकोण होता. गवत ओढायच्या दाताळ्याचा मोडका दात तापवून, वाकवून केलेला. गाणे फ्रेंच. म्हाताऱ्यांनी मला अर्थ सांगितला: बायको सोडून गेली, घर रिकामे झाले, आता जगून काय करू. आणि त्या शब्दांवर चिखलाच्या बुटांनी सगळे जोडीजोडीने नाचत होते. रडके शब्द नाचाच्या चालीवर का, असे मी विचारले. ते म्हणाले, "बसून म्हटले तर सहन होत नाही." नाच संपल्यावर माणसे पुन्हा उसात गेली. संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळा ऊस गाड्यांत भरला गेला. पुढच्या आठवड्यात दव गोठले. त्यांच्या उसाचा रस मी स्वतः तपासला. उत्तम होता. घरी सांगितले तेव्हा बाईंनी मला पुन्हा वाढले. मी जेवून आलो होतो, तरी खाल्ले.

हंगाम संपवून मी परत आलो तेव्हा आमच्याकडे उन्हाळा लागत होता. मित्राचा कुंदा तसाच होता. एवढ्या काळात त्याने एकच केले होते. भंगारातला एक मोडका सहा बैली नांगर विकत आणून त्याने तो फावल्या वेळात दुरुस्त केला होता. फाळ नवा, बाकी सगळे जोडलेले.

माझ्याजवळ युक्ती तयार होती. तिकडे कढई एक असते, ऐवज सगळ्यांचा असतो. आपणही तसेच करावे. जो येईल त्याने कोंबडी आणावी, पीठ आणावे, शेतात चूल मांडावी आणि सगळ्यांनी मिळून शिजवावे. मग जेवण कोणा एकाच्या घरचे राहत नाही, आणि कोणालाही अडचण उरत नाही. मी त्याला ओढ्याच्या काठी बसून सगळे सांगितले.

"त्या कढईत पयलं काय पडलं?" त्याने विचारले.

"पीठ. चरबीत भाजलेलं."

"कुणी भाजलं?"

"घरच्या बाईनं."

"दुसरीला भाजू दिलं?"

"न्हाई."

"मग माज्या आईनं काय घोडं मारलंय?" तो उठला आणि पँट झटकली. "तू येवढा लांब जाऊन आलास, आन् अर्धंच बघून आलास. चूल माजी, भाकरी माजी. येणार त्यो येईल. आक्षी तिजंला घालतोय."

त्याचे बरोबर होते. मी युक्ती सोडून दिली.

घरी आबा गोठ्यात बैलांना पेंड घालत होते. मी तिथेच विषय काढला.

"आबा, अक्षयतृतीयेला इर्जिक हाय वड्याकडंला. तुमी येणार का?"

"त्याला म्हणलं हुतं मी. भाकरी बांधून येतो."

"भाकरी बांधून नगं म्हणतोय त्यो."

"मग न्हाई." त्यांनी बैलाच्या वशिंडावर हात फिरवला. "तू तिकडं कुणाकुणाच्या हातचं खाल्लंस?"

मी सगळे सांगितले. काळी कढई, मागची पायरी, एका हाताने ताट उचलून गेलेले म्हातारे. आबांनी पेंडीत पाणी ओतले. शेवटी म्हणाले, "परमुलखातली गोष्ट येगळी. तिथं तुला कोण वळखतंय? हितं मला सगळा गाव वळखतो."

"व्हय. म्हणून तर त्याला तुमी पायजे. मी जाऊन उपेग न्हाई."

त्यांनी पेंड कालवली. मग विचारले, "त्या म्हाताऱ्याचा खांदा बरा झाला का?"

"झाला."

"आन् ऊस?"

"गोठायच्या आत गेला."

"झ्याक झालं," ते म्हणाले. येतो म्हणाले नाहीत.

अक्षयतृतीयेला सकाळी ओढ्याकाठी दोन जोड्या आल्या. एक मित्राची. दुसरी शेजारच्या शेतातल्या मुसलमान शेतकऱ्याची. त्याने येताच जाहीर केले, "कोंबडं हाय न्हवं? नुसत्या डाळीवर माजं बैल चालायचं न्हाईत." मित्राची आई बांधावरच्या बाभळीखाली चूल पेटवत होती. ती म्हणाली, "कोंबडं बैलं खाणार हायत, का तुमी?"

चार बैल जुंपले. नांगर चालला, पण बसेना. कुंद्याच्या मुळ्यांवरून फाळ वर उसळे आणि जमिनीवर नुसता ओरखडा उठे. मी नांगरावर बसून वजन दिले, तरी तेच. दोन तासांत, म्हणजे नांगराच्या दोन ओळींत, बैलांच्या तोंडाला फेस आला. लांबच्या बांधावर गावातली काही माणसे हात मागे बांधून उभी होती. त्यांना निकाल पाहायचा होता.

आबा ओढ्यातून वर आले. पुढे आमची जोडी, खांद्यावर जू. काखेत, पाठीवर, कुठेही भाकरीचे गाठोडे नव्हते. ते मी आधी पाहिले. मित्राने त्याहून आधी पाहिले असावे, कारण त्याने तोंड फिरवले आणि उगीच फाळाचा बोल्ट आवळू लागला.

"ह्ये कुणी जुपलंय?" आबा म्हणाले. "आतला बैल घुसमटतोय. सोडा. थोरलं जू मागं घ्या."

मुसलमान शेतकरी म्हणाला, "आवं आबा, लय लवकर आलासा."

"तुजी जोडी दमायची वाट बघत हुतो," आबा म्हणाले.

सहा बैल झाले आणि नांगर जमिनीत बसला. पहिले ढेकूळ उलटले ते वीतभर नव्हे, चांगले हातभर होते. त्याच्या पोटात कुंद्याच्या पांढऱ्या मुळ्या तुटून लोंबत होत्या. दुपारपर्यंत थांबायचे काम पडले नाही. कासरा आबांच्या हातात होता आणि ते सगळ्यांना, मला सर्वांत जास्त, बोलत होते.

सूर्य माथ्यावर आला तसे बैल सोडले. आबांनी ओढ्यावर हातपाय धुतले आणि बाभळीखाली येऊन मांडी घातली. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटल्या होत्या. मित्राची आई वाढायला आली. सगळ्यांना तिने सरळ वाढले. आबांच्या समोर आली तेव्हा तिचा हात वर राहिला. जन्मभराची सवय होती. भाकरी तिने हात न लागेल अशी वरून ताटलीत सोडली.

"वरनं काय टाकती, वैनी?" आबा म्हणाले. "हातात दे. मोडायची हाय." या नात्याने त्यांनी तिला पूर्वी कधी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. त्यांनी हात पुढे धरला. तिने भाकरी हातात दिली.

त्यांनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली, पहिला घास खाल्ला. मित्र जेवत नव्हता, पाहत होता. लांबच्या बांधावरची माणसेही पाहत होती.

"मीठ हाय का?" आबांनी विचारले.

"कमी पडलं, आबा?"

"जरा."

तिने मिठाचा खडा आणला. आबांनी तो चोळून घातला आणि जेवण पुरे केले. आणखी एक भाकरी मागून घेतली. मित्र तेव्हा कुठे आपल्या ताटलीकडे वळला, आणि मुसलमान शेतकरी त्याला म्हणाला, "खा आता. कोंबडं मेलं तवापास्नं तूच सुतकात हायस."

बांधावरचे दोघेजण दुपारनंतर खाली उतरले. एकाने ढेकळे फोडली, दुसरा नुसताच उभा राहून सल्ला देत राहिला. बाकीचे निघून गेले. आमच्या थोरल्या चुलत्यांनी त्या दिवसापासून पुष्कळ काळ आबांशी बोलणे टाकले. आबांना त्याचा त्रास झाल्याचे मला दिसले नाही. एकदा एवढेच म्हणाले की सकाळी जरा शांत वाटते.

संध्याकाळी शेत अर्धे झाले होते. मित्राने जू उतरवून घेतले आणि आबांसमोर येऊन उभा राहिला. काही म्हणावे असे त्याच्या मनात होते. आबांनी त्याला ती संधी दिली नाही. त्यांनी एक ढेकूळ पायाने फोडले आणि खालची माती पाहिली.

"मुळं अजून खाली हायत," ते म्हणाले. "उद्या उरलेलं, मग आडवा नांगर घालाय लागंल. तुजी आई काय करणार हाय उद्या?"

"जे म्हणाल ते, आबा."

"वांगी करा. पण मीठ बघून," ते म्हणाले आणि बैलांना हाक घालून ओढ्यात उतरले.